न झालेल्या आजाराची आठवण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत ब्रिटनमध्ये वाढलेल्या मुलांच्या आठवणींत काही चवी हमखास येतात. कॉडलिव्हर ऑइलचा माशाचा दर्प, सरकारी संत्र्याच्या रसाचा दाट आंबटगोडपणा, रानगुलाबाच्या फळांचे सिरप, माल्टचा चिकट तपकिरी चमचा. बीबीसीने २००३ ते २००६ या काळात सामान्य नागरिकांकडून युद्धाच्या आठवणी मागवल्या, तेव्हा सुमारे ४७,००० लिखाणे जमा झाली. बॉम्बहल्ले, गावाकडे पाठवणी, बापाचे न परतणे या मोठ्या गोष्टींच्या शेजारीच हा चमचा तिथे पुष्कळांनी नोंदवलेला आहे. या साध्या आठवणींतून नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न पुढे येतो. जे भले मुलाने मागितले नाही, ज्याच्यापुढे त्याने तोंड वाकडे केले आणि ज्याचे फळ त्याला डोळ्यांनी कधी दिसले नाही, ते भले करण्याचा अधिकार कोणाला? आणि त्याचे ऋण कशाच्या आधारावर मानायचे?

या चमच्यामागे मोठी सरकारी यंत्रणा उभी होती. ब्रिटनमध्ये रेशनिंग ८ जानेवारी १९४० रोजी लोणी, साखर आणि बेकनपासून सुरू झाले आणि ४ जुलै १९५४ रोजी मांसावरचे नियंत्रण उठेपर्यंत, म्हणजे युद्ध संपल्यावरही नऊ वर्षे, चालले. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांचे शास्त्रीय सल्लागार जॅक ड्रमंड हे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. जीवनसत्त्वांना साध्या अक्षरांची नावे देण्याची सूचना त्यांनीच १९२० मध्ये केली होती. जुलै १९४० पासून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि पाच वर्षांखालच्या मुलांना रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक, दूध दोन पेन्सला मिळू लागले. ज्यांची ऐपत नव्हती त्यांना ते फुकट होते. डिसेंबर १९४१ मध्ये कॉडलिव्हर ऑइल आणि ब्लॅककरंटच्या सिरपची योजना आली. जहाजांत ताज्या संत्र्यांना जागा नव्हती, म्हणून १९४२ च्या वसंतापासून अमेरिकेहून आटवलेला रस येऊ लागला. जर्मनीने १९४० मध्ये नॉर्वे व्यापल्यामुळे तेलाचा तिकडचा ओघ आटला आणि आइसलँडचा आधार घ्यावा लागला. मोठ्यांच्या रेशनपुस्तिकेहून वेगळी, हिरव्या रंगाची पुस्तिका गरोदर बाईच्या आणि लहान मुलाच्या नावावर मिळे. ती घेऊन आई बालकल्याण केंद्रात जाई आणि तिथल्या स्वयंसेविकेकडून तेलाची आणि रसाची बाटली घेऊन येई. रसाची बाटली औषधाच्या बाटलीएवढीच असे आणि रस पाण्यात कालवून द्यायचा असे. तेलाला तसला काही उपाय नव्हता. पुष्कळ घरांत तेलाचा चमचा आधी आणि रसाचा घोट नंतर असा क्रम ठरून गेला होता. मुलांना रस आवडे, म्हणून तो बऱ्यापैकी उचलला जाई. तेल मात्र हक्काचे असूनही निम्म्याहून अधिक घरे नेत नसत.

रानगुलाबाच्या सिरपची गोष्ट जरा निराळी आहे आणि या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचीही. १९४१ पासून शाळकरी मुले, स्काउट आणि बायकांची मंडळे शरद ऋतूत बांधावरच्या कुंपणांतून ही लाल फळे वेचत आणि पौंडामागे दोन-तीन पेन्स मिळवत. फळात क जीवनसत्त्व भरपूर असते. मात्र आतल्या बियांभोवती बारीक लव असते आणि ती घशाला-आतड्याला टोचते, म्हणून सिरप फार काळजीपूर्वक गाळावे लागे. हीच लव पोरे खाजकुयलीसारखी एकमेकांच्या सदऱ्यात टाकत. जिथे तेलाच्या चमच्यासमोर मूल केवळ घेणारे होते, तिथे या सिरपच्या बाबतीत ते देणाऱ्यांतही होते. तेलाच्या आठवणी बहुधा किळस सांगतात, तर रानगुलाबाच्या आठवणींत पुष्कळदा अभिमान असतो. चवीचा त्यात वाटा असेल, पण ज्या भल्यात आपला हात लागला ते भले माणूस आपले मानतो, हेही तितकेच खरे.

मराठी वाचकाला या ठिकाणी कठोपनिषदातला श्रेय आणि प्रेय यांचा भेद आठवेल. यमाने नचिकेत्याला सांगितले की श्रेय वेगळे, प्रेय वेगळे; दोन्ही माणसापुढे येतात आणि विवेकी माणूस त्यांतून श्रेय निवडतो. गीतेच्या अठराव्या अध्यायातले सात्त्विक सुखही आरंभी विषासारखे आणि शेवटी अमृतासारखे असते. कॉडलिव्हर ऑइलला हे वर्णन चपखल बसते असे वाटते, पण इथेच अडचण आहे. उपनिषदात निवड नचिकेता स्वतः करतो. तो वयाने लहान असला तरी यमाने देऊ केलेले हत्ती-घोडे, संपत्ती आणि दीर्घायुष्य त्याने स्वतः नाकारले आहे. तीन वर्षांच्या मुलाने तेल निवडलेले नसते. त्याच्या वतीने आईने निवडले, आईच्या वतीने सरकारने सुचवले आणि सरकारला ते शास्त्रज्ञांनी सांगितले. म्हणून मुलाच्या पोटात गेलेले तेल त्याच्या हिताचे असले, तरी त्या क्षणी ते उपनिषदाच्या अर्थाने त्याचे श्रेय ठरत नाही. परंपरेचा आधार घेऊन बळजबरीला पुण्याचा मुलामा देता येत नाही, एवढे इथे स्पष्ट केले पाहिजे.

पाश्चात्त्य विचारात हाच प्रश्न पालकत्वाच्या अधिकाराचा म्हणून मांडला जातो. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात प्रौढ माणसाच्या हितासाठी त्याच्यावर सक्ती करणे अन्याय्य ठरवले, पण मुलांना त्या तत्त्वातून वगळले. त्यामुळे मुलांच्या बाबतीत सक्तीची मर्यादा कोणती, हा प्रश्न तसाच राहिला. १९७२ मध्ये जेराल्ड ड्वॉर्किन यांनी त्यावर एक उत्तर दिले. मूल मोठे झाल्यावर ज्या गोष्टीला मान्यता देईल, ती गोष्ट आज त्याच्या मनाविरुद्ध करणे क्षम्य आहे. म्हणजे संमती आज नाही, पण पुढे येणार आहे. युद्धातल्या मुलांच्या म्हातारपणीच्या आठवणी या उत्तराच्या बाजूने साक्ष देताना दिसतात. चमचा भयंकर होता, पण आईने बरेच केले, असा त्यांचा सूर असतो.

ही साक्ष कितपत धरायची? तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी की, संमती देणारा म्हातारा माणूस त्याच वाढीतून घडलेला असतो. ज्या संस्कारांत तो वाढला त्यांना तो सहसा चांगलेच म्हणणार. मार खाऊन मोठे झालेले लोकही माराचे गुण गातात. दुसरी उणीव अधिक खोल आहे. तेलाचा चमचा ज्याला रोखण्यासाठी होता तो मुडदूस झालेल्या मुलाला आपले वाकलेले पाय आठवतात. ज्याला मुडदूस झाला नाही त्याला आपले सरळ पाय आठवत नाहीत, कारण त्याच्या दृष्टीने काही घडलेलेच नसते. आजार बरा करणाऱ्या डॉक्टरचे नाव घराणे पिढ्यान्‌पिढ्या घेते. आजार येऊच न देणाऱ्या उपायाची मात्र चव तेवढी लक्षात राहते, आणि तीही वाईट. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८१ मध्ये याचीच सामाजिक बाजू मांडली होती. जो प्रतिबंधक उपाय सगळ्या समाजाला मोठा लाभ देतो, तो एकेका माणसाला फार थोडे देतो. हजार मुलांनी तेल प्यायले आणि त्यांतल्या काहींचे पाय वाचले. पण ती मुले कोणती, हे त्यांनाही कळत नाही आणि त्यांच्या आईबापांनाही नाही.

तेव्हा प्रतिबंधाच्या नीतीला घेणाऱ्याच्या आठवणीवर उभे राहता येत नाही. कृतज्ञता आली तर ती तिचा पुरावा ठरत नाही, आणि किळस आठवली म्हणून ती खोटीही पडत नाही. तिचा आधार ज्ञान हा आहे, आणि हिशेब ठेवण्याची जबाबदारी देणाऱ्यावर पडते.

हे ज्ञान आले कुठून, हेही पाहिले पाहिजे. मुडदुसाचे सविस्तर वर्णन फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले होते, पण कारणाचा उलगडा पहिल्या महायुद्धानंतर झाला. एडवर्ड मेलनबी यांनी लंडनमध्ये कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून अन्नातल्या कमतरतेने मुडदूस होतो आणि कॉडलिव्हर ऑइलने तो टळतो, हे दाखवले. माणसाच्या बाळांच्या बाबतीत निर्णायक काम हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ ते १९२२ या काळात व्हिएन्नात केले. युद्ध हरलेल्या, नाकेबंदीने उपाशी ठेवलेल्या त्या शहरात मुडदूस घरोघर होता, आणि तो संसर्गाचा आजार असावा असे तिथल्या डॉक्टरांना वाटे. क्लेमेन्स पिर्के यांच्या बालरुग्णालयात चिक यांनी काही बाळांना नेहमीचा आहार दिला, तर काहींना चांगले दूध आणि कॉडलिव्हर ऑइल. हिवाळ्यात नेहमीच्या आहारावरच्या बाळांत मुडदूस दिसू लागला. तेलावरच्या बाळांत तो आला नाही. आजारी पडलेली बाळे मग तेलाने किंवा अतिनील किरणांनी बरी करण्यात आली. पुढच्या लाखो चमच्यांचा आधार हा प्रयोग आहे. ज्या बाळांना त्या हिवाळ्यात तेल मिळाले नाही त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांच्या आठवणी कुठे नोंदलेल्या नाहीत. इंग्लंडमधल्या मुलाच्या सरळ हाडांचे देणे त्यांच्याकडेही लागते.

ही बाळे शत्रूची होती. इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी पैसे मागणे हासुद्धा १९१९ मध्ये वादाचा विषय होता. उपाशी ऑस्ट्रियन मुलांचे चित्र असलेली पत्रके लंडनच्या ट्रफाल्गर चौकात परवानगीविना वाटल्याबद्दल एग्लंटाइन जेब यांना पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी त्यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था उभी केली. मुलाला शत्रुत्व नसते, ही त्यांची भूमिका मुळात धार्मिक होती आणि तिला राष्ट्राच्या फायद्या-तोट्याशी देणेघेणे नव्हते.

राज्याची भूमिका मात्र बराच काळ वेगळी होती. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात भरतीला आलेले कित्येक तरुण शरीराने अपात्र ठरले. त्यानंतर शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणारी समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९०४ मध्ये आला आणि १९०६ मध्ये शाळेतल्या गरीब मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. काळजी मुलांची होती, पण नजर पुढच्या शिपायावर होती. मार्च १९४३ च्या रेडिओ भाषणात चर्चिल यांनी बाळांच्या पोटात दूध घालणे ही कोणत्याही समाजासाठी सर्वांत उत्तम गुंतवणूक असल्याचे सांगितले. हेतू चांगला असला तरी गुंतवणुकीच्या भाषेत धोका आहे. गुंतवणूक परताव्यासाठी असते, आणि ज्या मुलाकडून परतावा येण्याची आशा नाही, जे जन्मतः दुबळे आहे किंवा फार जगणार नाही, त्याचा चमचा मग कशाच्या जोरावर मागायचा? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांट यांनी १७८५ मध्येच सांगितले होते. १९४२ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप झालेल्या विल्यम टेंपल यांनी त्याच वर्षीच्या ‘ख्रिश्चॅनिटी अँड सोशल ऑर्डर’ या छोट्या पुस्तकात ख्रिस्ती भाषेत तेच मांडले. माणसाची किंमत तो देवाचे लेकरू आहे यात आहे, राज्याला तो किती उपयोगी पडतो यात नाही.

हिरव्या पुस्तिकेचे मोठेपण हे की तिने प्रत्यक्षात टेंपल यांची बाजू घेतली. मजुराच्या बाळाला आणि उमरावाच्या बाळाला त्याच मापाचे तेल होते. सधन घरालाही ते मिळत असल्यामुळे ते घेण्यात भीक घेतल्याचा कमीपणा उरला नाही. गीतेने सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना परतफेडीची अपेक्षा नसलेले दान श्रेष्ठ मानले आहे. पण तिथेही देणारा आणि पात्र अशी दोन माणसे राहतातच. पुस्तिकेवर नाव असलेले बाळ कोणाच्या दारात उभे नव्हते. ते वाटेकरी होते. युद्धाने घडवलेल्या सगळ्या गोष्टींत ही एक गोष्ट निखळ चांगली म्हणावी अशी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४१ मध्ये हजार जन्मांमागे सुमारे ६० बाळे वर्ष पुरे होण्याआधी दगावत. १९४४ मध्ये हा आकडा ४५ च्या आसपास आला. त्यात दुधाचा, घरोघर आलेल्या रोजगाराचा आणि सल्फा औषधांचाही वाटा होता, सगळे श्रेय तेलाच्या बाटलीला देता येत नाही.

देणाऱ्याने हिशेब ठेवला पाहिजे, हे पुढच्या दशकाने कठोरपणे दाखवले. मुडदूस टाळणारे तेलातले ड जीवनसत्त्व सरकारी दुधाच्या भुकटीतही घातलेले होते, बाळांच्या तयार खाद्यांत घातलेले होते आणि वर तेलाचा चमचा होताच. युद्धातली टंचाई ओसरली, पण मापे तीच राहिली. काही बाळांच्या पोटात दिवसाला ४००० एककांपर्यंत ड जीवनसत्त्व जाऊ शकत होते. त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम भागते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी बाळे रुग्णालयांत दिसू लागली ज्यांना उलट्या होत, भूक मरे, वजन वाढत नसे आणि ज्यांच्या रक्तात कॅल्शियम फार चढलेले असे. काहींचे मूत्रपिंड निकामी झाले, काही दगावली. १९५७ मध्ये सरकारने भुकटी, खाद्ये आणि तेल या तिन्हींतले प्रमाण खाली आणले. बहुसंख्य बाळांना तोच डोस सोसला, मग यांनाच का सोसला नाही, याचे उत्तर २०११ मध्ये मिळू लागले. ड जीवनसत्त्वाचा निचरा करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात काही मुलांत जन्मतःच दोष असतो. समान वाट्याच्या तत्त्वाला हा खरा धक्का आहे. चमचा सगळ्यांना सारखा असला तरी शरीरे सारखी नसतात. आणि सुखाने वाढलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींत ही बाळे येणार नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवे. पुढे येणाऱ्या संमतीचा हिशेब वाचलेल्यांच्याच साक्षीवर होतो.

चमच्यापुढे धर्माचाही प्रश्न होता. ब्रिटनमध्ये शाकाहारी म्हणून नाव नोंदवलेल्यांना मांसाऐवजी जादा चीज मिळे, म्हणजे आचारभेदाला रेशनमध्ये जागा होती. माशाच्या यकृताच्या तेलाला मात्र सहज पर्याय नव्हता. नॉर्वेचे तेल बंद झाल्यावर भारतातही मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई इलाख्यात शार्कच्या, म्हणजे आपल्याकडच्या मुशी-मोरीच्या, यकृतापासून तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला. माशाला न शिवणाऱ्या घरांपुढे मग औषध म्हणून ते चालेल का, हा प्रश्न उभा राहणे ओघानेच आले. छांदोग्य उपनिषदातल्या उषस्ती चाक्रायणाच्या कथेत आपद्धर्माची फार बारीक रेघ आखलेली आहे. दुष्काळात उषस्ती माहुताचे उष्टे कुळीथ खातो, पण त्याचे उष्टे पाणी नाकारतो. कुळीथ खाल्ले नसते तर जीव गेला असता, पाणी मात्र दुसरीकडे हवे तितके मिळते, असे तो कारण देतो. या न्यायाने दुसरा मार्ग नसेल तिथे तेल घेणे अधर्म ठरत नाही, आणि ऊन किंवा वनस्पतिज पर्याय हाताशी असेल तिथे त्याची सक्ती करणाऱ्याची बाजू लंगडी पडते.

या शेवटच्या मुद्द्याची कसोटी ब्रिटनमध्येच लागली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोत आणि पुढे इतर शहरांत, भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांत मुडदूस पुन्हा दिसू लागला. उत्तरेकडचे अपुरे ऊन, सावळी कातडी आणि ड जीवनसत्त्व न घातलेला आहार, अशी त्याची कारणे सांगितली गेली. गोऱ्या इंग्रज घरात वापरल्या जाणाऱ्या मार्गारीनमध्ये हे जीवनसत्त्व घालणे १९४० पासून सक्तीचे होते. मग आशियाई घरात रोज लागणाऱ्या चपातीच्या पिठात ते का घालू नये, ही मागणी डॉक्टरांनी आणि स्थलांतरितांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी केली. सरकारच्या तज्ज्ञ समितीने ती नाकारली. १९८१ मध्ये सरकार आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ यांनी मिळून मुडदूसविरोधी मोहीम काढली. आयांना आहार, ऊन आणि थेंब यांचे महत्त्व समजावून सांगण्यावर तिचा भर होता. कल्याणाचे काम जेब यांच्याच संस्थेकडे होते, पण १९४१ ची रीत उलटी झाली होती. तेव्हा राज्याने अन्न बदलले होते, आता आईला बदलायला सांगितले जात होते. हा भेद न्याय्य नव्हता. १९५० च्या दशकातल्या जादा डोसाची धास्ती हे नकारामागचे खरे कारण असू शकते, पण मार्गारीनला तो नियम लावला गेला नव्हता. चपातीच्या पिठात ड जीवनसत्त्व घालण्याची सक्ती ब्रिटनमध्ये आजही नाही.